सीबीडी घ्यायचे, पण कसे? नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सीबीडी, म्हणजे गांजाच्या वनस्पतीतला नशा न आणणारा एक घटक, घेऊन पाहावे असा विचार मनात आला की पहिला प्रश्न बहुधा हाच पडतो: तेल घ्यावे, कॅप्सूल घ्यावी, की मलम लावावे? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर कोणत्याही एका उत्पादनाच्या बाजूने देता येत नाही. एकच पदार्थ पोटातून, जिभेखालून, फुप्फुसातून किंवा त्वचेवरून दिला, तर तो रक्तात किती पोहोचतो, किती वेळात पोहोचतो आणि किती वेळ टिकतो हे प्रत्येक वेळी वेगळे ठरते. म्हणून मार्गाची निवड करण्याआधी हेतू, चालू असलेली औषधे आणि मोजमाप या तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हा कॅनाबिस, म्हणजे गांजाच्या वनस्पतीत आढळणाऱ्या शंभराहून अधिक कॅनाबिनॉइडांपैकी (या वनस्पतीतल्या खास रासायनिक घटकांपैकी) एक. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये तो वेगळा काढला आणि त्याची नेमकी रचना इस्रायलमधील राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये निश्चित केली. गांजाची नशा ज्यामुळे चढते तो घटक टीएचसी. सीबीडीने तशी नशा येत नाही. मात्र नशा येत नाही याचा अर्थ शरीरावर परिणामच होत नाही असा कोणी घेऊ नये, कारण यकृतावर आणि इतर औषधांवर त्याचा परिणाम होतो.

पहिली पायरी: हेतू लिहून काढा

कशासाठी घ्यायचे आहे हे एका वाक्यात लिहावे. "बरे वाटावे म्हणून" हा हेतू तपासता येत नाही. "रात्री अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ कमी व्हावा" हा तपासता येतो. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढचे सगळे निर्णय हिच्यावर उभे असतात.

हेतू ठरवताना पुराव्याचे वजनही लक्षात घ्यावे. सीबीडीचा सर्वांत भक्कम पुरावा अपस्माराच्या काही दुर्मीळ आणि तीव्र प्रकारांसाठी आहे. ड्रॅव्हे सिंड्रोम आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या दोन विकारांतील झटक्यांसाठी एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मंजूर केले आणि २०२० मध्ये त्यात ट्यूबरस स्क्लेरोसिस कॉम्प्लेक्स या विकाराची भर पडली. चिंता, निद्रानाश आणि वेदना या तक्रारींसाठी, म्हणजे बहुसंख्य लोक ज्यासाठी सीबीडी विकत घेतात त्यांसाठी, पुरावा बराच विरळ आहे. चिंतेबाबतचे काही प्रयोग आशादायक आहेत, पण ते लहान गटांवर आणि बहुतांशी एका मात्रेपुरते झालेले आहेत. वेदनेच्या बाबतीत तर जाहिरातीचा आवाज संशोधनापेक्षा फार मोठा आहे.

दुसरी पायरी: चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा

ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि खरा धोका इथेच असतो. सीबीडीचे विघटन यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे (एन्झाइमे) करतात. हीच विकरे इतर अनेक औषधांचेही विघटन करत असल्यामुळे सीबीडी आले की त्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. क्लोबॅझॅम या अपस्मारावरील औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचे प्रमाण सीबीडीमुळे सुमारे तिप्पट होते आणि रुग्णाला गुंगी येते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांमध्ये यकृतातील एन्झाइमे वाढण्याचा धोका जास्त असतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाणारे वॉरफरिन आणि अवयवरोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस यांच्या बाबतीतही काळजी घ्यावी लागते, कारण या औषधांची मात्रा थोडी जरी सरकली तरी परिणाम गंभीर होतो.

एक सोपी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असा इशारा असतो, त्या औषधासोबत सीबीडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. ही खूण परिपूर्ण नाही, पण नवख्या माणसाला सावध करायला पुरेशी आहे. झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी इतर औषधे आणि मद्य यांच्यासोबत सीबीडी घेतल्यास सुस्ती वाढते. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात सीबीडी घेऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

सीबीडीबाबतचे कायदे देशागणिक, कधी कधी एकाच देशात राज्यागणिक बदलतात. आपल्या ठिकाणचा नियम आधी पाहावा, आणि प्रवासात बाटली सोबत न्यायची असेल तर पोहोचण्याच्या ठिकाणचाही.

तिसरी पायरी: मार्ग निवडा

आता मुख्य विषय. मार्गांची तुलना करताना दोन शब्द सतत भेटतील. घेतलेल्या मात्रेचा जेवढा भाग प्रत्यक्ष रक्ताभिसरणात पोहोचतो त्याला जैवउपलब्धता म्हणतात. आणि घेतल्यापासून परिणाम जाणवेपर्यंत जो काळ जातो तो प्रारंभकाळ. विक्रेते या दोन्हींचे आकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, तेव्हा थोडा संशय बाळगलेला बरा.

गिळून घेणे. कॅप्सूल, गमी (चघळायच्या मऊ गोड गोळ्या), पेये आणि गिळलेले तेल हे सगळे याच मार्गात येतात. सीबीडी हा तेलात विरघळणारा पदार्थ आहे, पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे आतड्यातून तो कमीच शोषला जातो आणि जे शोषले जाते त्यातला मोठा वाटा यकृतात पहिल्याच फेरीत मोडला जातो. उपाशीपोटी गिळलेल्या सीबीडीची जैवउपलब्धता साधारण ६ टक्क्यांच्या आसपास धरली जाते. हा आकडा वाचून बरेच जण हा मार्गच सोडून देतात, आणि तिथेच ते चुकतात. एपिडिओलेक्सच्या चाचण्यांत भरपूर स्निग्धांश असलेल्या जेवणासोबत तेच औषध दिले असता रक्तातील सर्वोच्च पातळी सुमारे पाचपट आणि एकूण शोषण सुमारे चौपट झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की व्यक्तीव्यक्तींमधला फरकही जेवणासोबत कमी झाला. म्हणजे सोमवारी उपाशीपोटी आणि मंगळवारी भरल्या पोटी तीच कॅप्सूल घेणारा माणूस प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या मात्रा घेत असतो आणि मग "कधी लागू पडते, कधी पडत नाही" असे सांगत बसतो.

म्हणून गिळण्याच्या मार्गात नियम एकच: रोज त्याच वेळी, त्याच प्रकारच्या जेवणासोबत. रक्तातील पातळी सर्वोच्च व्हायला काही तास लागतात, त्यामुळे अर्ध्या तासात काही जाणवले नाही म्हणून दुसरी मात्रा घेऊ नये. दीर्घकाळ, दिवसभर सौम्य परिणाम हवा असेल आणि मोजमापाची कटकट नको असेल तर कॅप्सूल सोयीची. गमी चवीला बऱ्या असतात, पण त्यातील प्रत्येक गोळीत सीबीडी सारखेच असेल याची खात्री उत्पादकाच्या काळजीवर अवलंबून असते. आणि घरात लहान मुले असतील तर मिठाईसारखे दिसणारे औषध ठेवणे हाच मुळात एक धोका आहे.

जिभेखाली तेल ठेवणे. सर्वाधिक विकला जाणारा प्रकार हाच. जिभेखालच्या पातळ त्वचेतून पदार्थ थेट रक्तात जातो, यकृताची पहिली फेरी टळते आणि म्हणून परिणाम लवकर होतो, असे त्याचे समर्थन केले जाते. काही औषधांच्या बाबतीत हे पूर्ण खरे आहे. सीबीडीच्या तेलाच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे मानावे. तेल लाळेत मिसळत नाही. ते जिभेखाली तवंगासारखे पसरते, लाळ साठत जाते आणि मिनिटभरात माणूस नकळत बरेचसे गिळून टाकतो. गिळलेला भाग वर सांगितलेल्या मार्गानेच जातो. त्यामुळे जिभेखालच्या तेलाकडे "जेवणासोबत घेतलेले, थोडे लवकर सुरू होणारे तेल" अशा दृष्टीने पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल. मद्यार्कातील अर्क किंवा तोंडातील फवारे यांचे वागणे तेलापेक्षा वेगळे असते.

तरीही नवख्यासाठी तेलाचा एक मोठा फायदा आहे, आणि तो शोषणाचा नसून मोजमापाचा आहे. मात्रा थेंबाथेंबाने वाढवता किंवा कमी करता येते. पद्धत अशी: बाटली हलवून घ्यावी, ड्रॉपर डोळ्यांच्या पातळीवर धरून खुणेपर्यंत तेल ओढावे, टोकावर लटकणारा थेंब बाटलीच्या काठाला टेकवून काढावा, तेल जिभेखाली सोडावे, मिनिटभर बोलू नये आणि मग गिळावे. चव कडवट, गवतासारखी असते. ती नकोशी वाटल्यास चमचाभर खाद्यपदार्थात घालून गिळले तरी फार काही बिघडत नाही. ड्रॉपरवर खुणा नसतील तर औषधाच्या दुकानात मिळणारी १ मिलिलिटरची सुईविरहित सिरिंज वापरावी. थेंबाचा आकार ड्रॉपरनुसार आणि तेलाच्या घट्टपणानुसार बदलतो, म्हणून थेंब मोजण्यापेक्षा मिलिलिटर मोजणे केव्हाही चांगले.

श्वासातून घेणे. परिणाम सर्वांत जलद, काही मिनिटांत होतो; जैवउपलब्धता सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास नोंदली गेली आहे. केवळ आकड्यांवर निवड करायची तर हाच मार्ग पहिला येईल. तरीही नवख्यांनी तो निवडू नये असेच माझे स्पष्ट मत आहे. किती ओढले हे मोजता येत नाही, परिणाम लवकर उतरतो म्हणून वारंवार ओढावेसे वाटते, आणि फुप्फुसांना तेलकट वाफ सोसण्याची सवय नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याच्या उपकरणांमुळे फुप्फुसाच्या गंभीर इजेची मोठी साथ आली. दोन हजारांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि काहींचा मृत्यू झाला. बहुतेक प्रकरणांत टीएचसीची उत्पादने होती आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे मुख्य संशयाची सुई वळली. तोंडाने घेण्यासाठी बनवलेले सीबीडी तेल तर व्हेपमध्ये कधीही भरू नये.

त्वचेवर लावणे. मलम, लोशन आणि बाम हे प्रकार लावलेल्या जागेपुरते असतात. त्वचेचा वरचा थर सीबीडी अडवून धरतो, त्यामुळे रक्तात ते नगण्य प्रमाणात जाते. झोप किंवा चिंता यासाठी मलम लावण्यात अर्थ नाही. एखाद्या सांध्यापुरते लावून पाहायचे असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दिवसभर थांबावे, पुरळ उठत नाही ना ते पाहावे. मेन्थॉल किंवा कापूर असलेल्या बामने जो गारवा वाटतो तो त्या घटकांचा असतो, सीबीडीचा नव्हे. मिश्रणातले श्रेय कोणाचे हे घटकांची यादी वाचल्याशिवाय कळत नाही. त्वचेतून रक्तात पोहोचवणारे पॅच ही वेगळी जात आहे.

गुदमार्गाने घेण्याच्या बत्त्या आणि "पाण्यात विरघळणारे" नॅनो-सीबीडी हेही मिळतात. पहिल्याबद्दल माहिती तुटपुंजी आहे. दुसऱ्यात सीबीडीचे अतिसूक्ष्म कण केलेले असल्याने शोषण खरोखर वाढू शकते. म्हणूनच तेलाची मात्रा तशीच्या तशी नॅनो-उत्पादनाला लावू नये, तिथे पुन्हा कमीपासून सुरुवात करावी.

या सगळ्यातून बहुतेक नवख्यांसाठी निवड दोनांपैकी एक उरते: मात्रा हळूहळू शोधायची असेल तर तेल, आणि मात्रा ठरून गेली असेल तर कॅप्सूल.

चौथी पायरी: लेबल आणि प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र वाचा

अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी फक्त ३१ टक्के उत्पादनांत लेबलवर लिहिल्याइतके सीबीडी होते. बाकीच्यांत कमी तरी होते किंवा जास्त तरी. १८ नमुन्यांत टीएचसीही सापडले. मार्ग कितीही विचारपूर्वक निवडला तरी बाटलीत काय आहे हेच ठाऊक नसेल तर तो विचार वाया जातो.

लेबलवर प्रथम एकूण मिलिग्रॅम आणि एकूण मिलिलिटर शोधावेत. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर दर मिलिलिटरला सुमारे ३३ मिलिग्रॅम होतात. टक्केवारीत लिहिले असेल तर ५ टक्के म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम. मोठ्या अक्षरातला आकडा पूर्ण बाटलीचा असतो, एका मात्रेचा नव्हे. दोन बाटल्यांची तुलना बाटलीच्या किमतीवर न करता दर मिलिग्रॅमच्या किमतीवर करावी. हेम्पच्या (कमी टीएचसी असलेल्या कॅनाबिसच्या) बियांचे तेल हे स्वयंपाकात वापरण्याजोगे वेगळे तेल आहे. त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच, पण हिरव्या पानाचे चित्र छापून ते सीबीडीच्या शेजारी ठेवले जाते.

त्यानंतर प्रमाणपत्र. ते उत्पादकाच्या स्वतःच्या नसलेल्या, शक्यतो आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे असावे. बाटलीच्या तळाशी किंवा लेबलच्या कडेला छापलेला बॅच क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का हे पाहावे. जुळत नसेल तर ते प्रमाणपत्र त्या बाटलीचे नाही. सीबीडी आणि टीएचसीचे प्रमाण, जड धातू, कीटकनाशके, उरलेली द्रावके आणि बुरशी या तपासण्यांचे निकाल वेगवेगळे दिलेले असावेत. प्रमाणपत्र मागितल्यावर टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

लेबलवर आणखी तीन प्रकार दिसतील. फुल स्पेक्ट्रममध्ये वनस्पतीतील इतर घटकांबरोबर थोडे टीएचसीही असते, ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये टीएचसी काढून टाकलेले असते आणि आयसोलेट म्हणजे केवळ सीबीडी. सगळे घटक एकत्र असले की परिणाम वाढतो हा दावा लोकप्रिय आहे, पण माणसांवरील पुरावा अजून कच्चा आहे. ज्यांची नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होते त्यांनी फुल स्पेक्ट्रम टाळावे, कारण त्यातील अल्प टीएचसीही रोजच्या वापराने चाचणीत दिसू शकते. खेळाडूंसाठी तर हे आणखी महत्त्वाचे: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून वगळले, पण इतर कॅनाबिनॉइड यादीत कायम आहेत.

पाचवी पायरी: मात्रा कमीपासून सुरू करा

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी न घेण्याचा सल्ला दिला. आधीचा सल्ला ७० मिलिग्रॅमचा होता. १० मिलिग्रॅम म्हणजे ५ टक्के तेलाचे साधारण चार-पाच थेंब. ही मर्यादा यकृत आणि थायरॉइडवरील दीर्घकालीन परिणामांचा विचार करून ठरवलेली आहे.

आता दुसऱ्या टोकाचे आकडे पाहा. एपिडिओलेक्सची मात्रा शरीराच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि आठवड्यानंतर सहसा १० मिलिग्रॅमवर जाते. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे ३०० आणि ६०० मिलिग्रॅम झाले. ब्राझीलमधील २०१९ च्या एका प्रयोगात लोकांसमोर बोलण्याची चिंता ३०० मिलिग्रॅमने कमी झाली, १५० ने झाली नाही आणि ६०० नेही झाली नाही. म्हणजे ज्या मात्रांवर परिणाम दाखवला गेला आहे त्या आणि जी मात्रा देखरेखीशिवाय सुरक्षित मानली जाते ती, यांत मोठी दरी आहे. दुकानातून आणलेल्या तेलाकडून मोठी अपेक्षा न ठेवण्याचे खरे कारण हे आहे, आणि ही दरी स्वतःच्या हिमतीवर बुजवायला जाऊ नये. मोठ्या मात्रेची गरज वाटावी इतका त्रास गंभीर असेल, तर तो डॉक्टरांकडे नेण्याइतकाही गंभीर आहे. तिथे यकृताची रक्ततपासणी आधी आणि नंतर करता येते.

प्रत्यक्षात पहिला आठवडा दिवसाला ५ मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणासोबत घ्यावे. ३३ मिलिग्रॅमच्या तेलात हे ०.१५ मिलिलिटर होते. त्रास नसेल तर दुसऱ्या आठवड्यापासून १० मिलिग्रॅम, आणि तिथेच थांबावे. सुरुवातीचे काही दिवस वाहन चालवू नये, कारण कोणाला किती सुस्ती येईल हे आधी सांगता येत नाही.

सहावी पायरी: नोंद ठेवा आणि थांबण्याचा दिवस ठरवा

पहिला थेंब घेण्याआधी एक आठवडा नुसती नोंद ठेवावी: पहिल्या पायरीत लिहिलेल्या हेतूला शून्य ते दहा गुण, रोज एकाच वेळी. या आठवड्याशिवाय नंतरच्या नोंदींची तुलना कशाशी करणार? सुरू केल्यावर तारीख, मात्रा, सोबत काय खाल्ले आणि गुण एवढेच लिहावे. या काळात नवी उशी, नवा व्यायाम, चहा बंद करणे असे दुसरे बदल करू नयेत. मनाच्या अपेक्षेनेही बरे वाटते, आणि सीबीडीच्या प्रयोगांत हा परिणाम चांगलाच दिसतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांच्या सुधारणेवर विसंबू नये.

जुलाब, भूक मंदावणे, थकवा आणि गुंगी हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. मात्रा कमी केल्यावर ते बहुधा ओसरतात. लघवी गडद होणे, डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणे, अंगभर खाज सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास सीबीडी लगेच बंद करून डॉक्टरांना गाठावे आणि आपण सीबीडी घेत होतो हे न लपवता सांगावे. एवढ्यापुरता अपवाद अपस्मारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सीबीडीचा: ते अचानक तोडल्यास झटके वाढू शकतात, म्हणून तिथे बंद करण्याचा निर्णयही तातडीने डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

इतरांनी चार ते सहा आठवड्यांनंतरची एक तारीख आधीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्या दिवशी गुणांची सरासरी सुरुवातीच्या आठवड्याशी ताडून पाहावी. फरक नसेल तर बाटली संपवण्यासाठी म्हणून पुढे चालू ठेवू नये. फरक दिसला तर दोन आठवडे बंद करून पाहावे. रोज घेतलेले सीबीडी शरीरातील चरबीत साठून हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या गुणांना फारसे महत्त्व न देता दुसऱ्या आठवड्याचे गुण पाहावेत.